झुंबरबाईचा अर्ज

दिनकर भाऊजी, तुमच्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं आणि मी खोटं बोलले.

वंदना झाली, भन्तेजींनी पंचशील दिलं, तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्यानं दोनदा विझल्या आणि दोनदा लावल्या. मग माईकवाला म्हणाला, "आता आपल्या सर्वांच्या लाडक्या झुंबरबाई दोन शब्द बोलतील." माझं नाव सुगंधा. त्या माईकवाल्याला ते चांगलं ठाऊक आहे, मी त्याला कडेवर खेळवलंय. तरी त्याच्या तोंडी झुंबरबाईच आलं. पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांत खसखस पिकली. दुखवट्यात, भाऊजी, तुमच्या बायकोसमोर, शोभासमोर. मी माईक घेतला आणि म्हणाले की दिनकर भाऊजी फार मोठ्या मनाचे होते, आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीचं नाव त्यांनी पेपरात नेलं. लोकांनी माना डोलावल्या. मग जेवणं झाली आणि मी वर माझ्या खोलीत येऊन दार लावलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जित्या बाईबद्दल एकोणीस वर्षं बोललात, पेपरात, चित्राच्या तीन चौकटींत. तेव्हा मला चार पानं लिहायचा हक्क आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली आहे, हे तुमच्या वाचकांना कधी कळू दिलं नाहीत, पण तुम्हाला ते ठाऊक होतं.

सुरुवात आठवते का? तुम्ही तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचात, आणि कल्याणच्या एका साप्ताहिकाला कोपऱ्यात भरायला चित्र हवं होतं. सकाळी आमचे हे गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होते. तुम्ही खालून विचारलंत, "दादा, वहिनींवरनं एक बाई काढू का पेपरात?" हे म्हणाले, "काढ की. तिला कुठं पेपर वाचायला टाइम आहे." झाली तुमची परवानगी. माझ्या तोंडाची, माझ्या खोचलेल्या पदराची, माझ्या कानामागच्या खडूची परवानगी माझ्या नवऱ्यानं दिली, तीही साबण लावलेल्या तोंडानं. मी आत भाकरी थापत होते. मला विचारावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खडू कानामागे होता कारण मी जीन्सच्या कारखान्यात चेकर होते. शिवून आलेली पँट उलटी-सुलटी बघायची, शिलाई सुटली असेल तिथं खडूनं फुली मारायची आणि माल परत पाठवायचा. दिवसाला दोनशे-तीनशे पँटी हाताखालून जायच्या. तुम्ही बाईचं नाव बदलून झुंबरबाई ठेवलंत, तिला माझ्यापेक्षा दुप्पट जाड केलंत, पण खडू ठेवलात. मग नाव बदलून काय उपयोग? पहिल्याच महिन्यात सेठ पेपर फडकवत आला आणि म्हणाला, "अरे सुगंधा, तू तो छप गई. और गिर भी गई!" त्या दिवसापासून कारखान्यात मला कुणी सुगंधा म्हटलं नाही.

कारण झुंबरबाई शेवटच्या चौकटीत पडायचीच. पहिल्या चौकटीत ती कुणाशी तरी भांडायला निघायची, दुसऱ्या चौकटीत तोंडाचा पट्टा सोडायची, तिसऱ्या चौकटीत तिच्यावर बादली तरी ओतली जायची नाहीतर ती गटारात तरी बसायची. साप्ताहिकाचं दैनिक झालं, तुमची चित्रं रोज यायला लागली, पाट्यांचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला, पण झुंबरबाईचं पडणं कधी चुकलं नाही.

तुमची कामाची पद्धत तर सगळ्या चाळीला पाठ होती. सकाळी दारात पाट टाकून बसायचात. तीन चौकटी आखायच्या, बाई काढायची, पायरीवर बशीतून चहा पिणारा तिचा नवरा काढायचा आणि बोलायचे फुगे मोकळे ठेवायचे. मग कान वर, आमच्या गॅलरीकडं. मी नळावरनं, कचऱ्यावरनं, रेशनच्या दुकानावरनं जे काय बोलेन, ते फुग्यात. लिफाफा कल्याणला नोकरीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचात. आज बोललं की परवा छापून. पोरं जिन्यावरून जाताना सांगायची, "काकी, हळू बोला, परवा येईल हां." मी मुद्दाम हळू बोलून पाहिलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्हीच खालून ओरडलात, "वहिनी, बरं नाय का?" आणि मला हसू आलं, आणि मी पुन्हा बोलायला लागले. हा माझा दोष, तो मी कबूल करते.

चांगलं काय झालं तेही लिहिते, नाहीतर म्हणाल की वहिनी एकतर्फी बोलतात. माझ्या मायाचं लग्न तुमच्यामुळं जमलं. बदलापूरची माणसं बघायला आली. मुलाची आई दारातच थांबली, माझ्याकडं बघितलं, भिंतीवर लटकवलेल्या, चित्रातल्या झुंबरबाईच्या हातात असायची तशा माझ्या छत्रीकडं बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीच का त्या?" मी म्हटलं, झालं, आता उठून जातील. तर त्या बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं रोज सकाळी तुमचं वाचल्याशिवाय चहा होत नाय." पोहे खायच्या आधीच होकार आला. माया आजही सासूला खूश ठेवायचं म्हणजे तुमची जुनी चित्रं आठवून सांगते.

मग नाटक आलं. अंबरनाथ पूर्वेच्या कॉलेजातल्या मुलांनी झुंबरबाईवर एकांकिका बसवली. काम करणारी मुलगी वही घेऊन माझ्याकडं दोन दिवस बसली. मी कशी चालते, कशी वाकते, पदर कुठल्या हातानं खोचते, सगळं लिहून घेतलं. जाताना तिनं विचारलं, "काकी, तुम्ही कधी जिंकता का पण?" मी तिला बोरिंगची गोष्ट सांगितली. चाळीसाठी बोरिंग मिळावं म्हणून मी दोन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले होते, आणि मिळवलं होतं. हापशीचा पहिला दांडा मी मारला होता, तुम्ही बघत होतात. त्या मुलीनं शेवट बदलला. तिच्या नाटकात झुंबरबाई शेवटी हापशीशेजारी ताठ उभी राहिली. मी पहिल्या रांगेत बसून रडले. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, आणि बाहेर आल्यावर दिग्दर्शकाला म्हणालात, "छान झालं, पण लोकांना ती पडलेलीच आवडते." पुढच्या प्रयोगापासून ती परत पडायला लागली.

तेव्हाच मी तुमच्याशी भांडायला हवं होतं. मी फक्त दोन दिवस बोलले नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी अबोल्यावरचं चित्र काढलंत.

आता त्या पाण्याचं. आमच्या चाळीच्या मागं जीन्स धुणारा कारखाना आला. त्याचं पाणी नाल्यात जायचं, नाल्यातून जमिनीत मुरायचं, आणि एका उन्हाळ्यात माझ्या बोरिंगला निळं पाणी यायला लागलं. आधी फिकट, नंतर शाळेच्या शाईसारखं. कपडे धुतले की डाग पडायचे, पाय धुतले की खाज सुटायची. मी एका काचेच्या बाटलीत ते पाणी भरलं, बूच लावलं आणि अर्ज लिहायला बसले. तीन दिवस लिहीत होते. कार्बन घालून दोन प्रती केल्या. रविवारी घरोघर फिरून एकेचाळीस सह्या घेतल्या, त्यातले अकरा अंगठे. त्या रविवारी मी गॅलरीत उभी राहून सगळ्या चाळीला सांगितलं की उद्याच कचेरीत जाते आणि साहेबाच्या टेबलावर ही बाटली आपटते. पण सोमवारी सेठनं सोडलं नाही, माल निघायचा होता. म्हणून मी मंगळवारी गेले.

आज बोललं की परवा छापून. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि पेपर न बघता मी सकाळीच निघाले.

कचेरीत कारकुनाच्या टेबलावर काच होती. काचेखाली तुमच्या चित्रांची आठ-दहा कात्रणं, आणि सगळ्यांत वर त्या दिवसाचं. झुंबरबाई हातगाडीवर बाटल्या मांडून बसलेली, पाटीवर 'निळे सरबत'. गिऱ्हाईक पितं, त्याच्या मिशा निळ्या होतात, झुंबरबाई गटारात. मी बाटली हातात धरून त्या काचेकडं बघत उभी राहिले. कारकुनानं मान वर केली. आधी बाटलीकडं बघितलं, मग माझ्या कानाकडं, खडू तिथंच राहिला होता.

"अरे या, इकडं या सगळे, झुंबरबाई आल्या," तो म्हणाला. "सरबत घेऊन आल्या."

पाच-सहा जण जमले. केबिनमधून साहेब बाहेर आले, तेही हसले. वाईट माणूस नव्हता तो, मला खुर्ची दिली, चहा मागवला. एकानं बाटली उजेडात धरून विचारलं, "ग्लास कितीला, बाई?" मी म्हटलं, "साहेब, हे पाणी माझ्या चाळीतली माणसं वापरतात." ते म्हणाले, "हो हो, वाचलं आम्ही सकाळी." आणि पुन्हा हशा. अर्ज त्यांनी घेतला, माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला, शिक्का मारतानासुद्धा कारकुनाचे खांदे हलत होते. अर्जाची घडी कुणी उघडली नाही. नंतर मी चार वेळा गेले. दर वेळी कुणीतरी विचारायचं, "पुढचा भाग कधी?" चौथ्या वेळेनंतर मी गेले नाही. त्यांनी हापशीच्या तोंडात सिमेंट भरलं आणि कारखाना होता तिथंच राहिला. दूषित बोरिंग बंद करण्यात आलं, असा कागद आला.

मी त्या मंगळवारी संध्याकाळी तुमच्या दारात उभी राहिले, आठवतं? मी ओरडले नाही. तुम्हाला त्याचंच नवल वाटलं.

तुम्ही म्हणालात, "अहो वहिनी, मी तर तुमचीच बाजू घेतली. एका दिवसात अख्ख्या उल्हासनगरला पाण्याचं कळलं की नाय?"

मी म्हटलं, "कळलं. हसत हसत कळलं."

तुम्ही म्हणालात, "हसल्याशिवाय लोक वाचत नायत."

मी म्हटलं, "मी लोकांसाठी नव्हतं लिहिलं. एका माणसासाठी लिहिलं होतं, आणि त्यानं ते वाचलं नाही."

हे आपलं भांडण कधी मिटलं नाही. दर दिवाळीला, दर चौदा एप्रिलला, कुणाच्याही लग्नात, दोन घास पोटात गेले की तुम्ही ते उकरून काढायचात. मी एकदा तरी "बरोबर होतं तुमचं" म्हणावं, असं तुम्हाला वाटायचं. मी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. बोरिंग बंद झाल्यावर बायकांनी चार वर्षं एसटी डेपोपलीकडच्या नळावरून हंडे वाहिले. तुमची शोभा त्याच रस्त्यात हंड्यासकट पडली आणि तिचं मनगट मोडलं. त्यावर चित्र काढलं नाहीत.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी पुढंमागं विसरले असते. पण केबलवाल्यानं मालिका काढायचं ठरवलं. तेरा भागांची झुंबरबाई, निम्मी मराठी, निम्मी हिंदी. कॅम्प तीनच्या मिठाईच्या दुकानातसुद्धा लोक ती लावून बसायचे. पहिला भाग आपण सगळ्यांनी तुमच्या घरी बघितला, टीव्हीला हार घातला होता. सुरुवातीला प्रायोजकांचं नाव आलं. त्या जीन्स धुणाऱ्या कारखान्याचं. मोठ्या अक्षरांत, निळ्या पाटीवर. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टीव्हीकडं बघत होतात, बघतच राहिलात. आणि पायरीवर बशीतून चहा पिणारा नवरा मालिकेत नव्हताच. तुम्ही म्हणालात, त्याला संवाद नाहीत, बिनबोलत्या माणसासाठी नट कशाला घ्यायचा, असं ते लोक म्हणाले. मी उठून वर आले. बाकीचे बारा भाग मी बघितले नाहीत.

इथं मला थांबून दुसरं लिहावं लागतं, आणि ते लिहिताना माझा राग लंगडा पडतो, म्हणून मी ते टाळत होते. आमचे हे मालिकेच्या आदल्या वर्षीच गेले. कारखान्यातून आले, पाणी मागितलं आणि मी पाणी आणेपर्यंत गेले. तुम्ही सगळं केलंत. माणसं बोलावलीत, बदलापूरला मायाकडं स्वतः गेलात, जलदानाच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याचं बघितलंत. संपादकानं तुम्हाला सांगितलं होतं म्हणे, की आता झुंबरबाईला विधवा करा, चार दिवस लोक हळहळतील. तुम्ही नाही म्हणालात. हे मला शोभानं सांगितलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. पेपरात माझा नवरा जिवंत राहिला. तीच पायरी, तीच बशी, डावा खांदा थोडा उतरलेला, जसा कारखान्यात वजनं उचलून खरोखरच उतरला होता. मी शिव्या घालत पेपर उघडायचे आणि आधी तो कोपरा बघायचे. इतकी वर्षं मी तुमचं चित्र त्या कोपऱ्यासाठी वाचलं, भाऊजी. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही खूश झाला असतात, आणि तेवढं खूश मला तुम्हाला करायचं नव्हतं.

सव्वीस जुलैच्या पुरात वालधुनी नदीचं पाणी चाळीत शिरलं तेव्हा तुम्ही कल्याणला अडकला होतात. तळमजल्यावर गुडघाभर पाणी झालं. शोभा हाका मारायला लागली, "ताई, यांची ट्रंक, यांची ट्रंक." त्या ट्रंकेत तुमची सगळी मूळ चित्रं होती, पहिल्या दिवसापासूनची. मी आणि शोभानं ती दोन्ही कड्यांना धरून जिन्यावरून ओढत वर आणली. माझी सगळी बदनामी मी माझ्या हातांनी वर नेली आणि माझ्या खाटेखाली ठेवली. तळातले कागद भिजले होते. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मी ते दोरीवर चिमटे लावून वाळवले. चौथ्या दिवशी तुम्ही आलात, ओल्या पायांनी जिना चढून, आणि दोऱ्यांवर लटकलेली झुंबरबाई बघून मटकन खाली बसलात. म्हणालात, "वहिनी, इथंच राहू दे. तुमच्याकडं सेफ आहे." तेव्हापासून ट्रंक माझ्याकडं आहे.

तेव्हा मला वाटलं होतं, एक काडी पुरे. खरंच सांगते. तुम्ही कधी कधी वर यायचात, जुनं चित्र शोधायला ट्रंक उघडायचात, आणि मी चहा ठेवताना हातातल्या काडेपेटीकडं बघायचे. पण त्या ट्रंकेत हेही आहेत, दर कागदावर, बशी धरून. तुम्ही मला पक्कं अडकवून ठेवलं होतं.

शेवटी दवाखान्यात मी भेटायला आले. तुमचा आवाज बसला होता. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "वहिनी, ते सरबताचं..." तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली, मला बाहेर काढलं. परत आत गेले तर तुम्हाला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्यापलीकडं गेलात. माफी मागणार होतात की आणखी एक चित्र सुचलं होतं, देव जाणे, आणि देवावर तर आपला दोघांचाही विश्वास नाही. शोभा म्हणते माफीच असणार. मी तुम्हाला शोभापेक्षा जास्त ओळखते, तुम्ही माझं बोलणं ऐकून पोट भरलंत. माझी खात्री नाही.

आजारपणात पुढची काढून ठेवलेली चित्रं तुमच्यानंतर पाच दिवस पेपरात आली. सहाव्या दिवशी त्या जागी क्लासची जाहिरात होती.

आणि परवा रविवारी तुमचा प्रशांत आला. बदलापूरच्या कंपनीत आता सुपरवायझर झालाय, तुम्हाला माहीतच आहे. खाली रिक्षा उभी करून आला होता. पुण्याचे एक प्रकाशक झुंबरबाईचं पुस्तक काढतायत, निवडक दोनशे चित्रांचं. "काकी, ट्रंक न्यायला आलोय," म्हणाला.

मी म्हटलं, "बस आधी." कपाटातून मी अर्जाची माझी प्रत काढली, शिक्का मारलेली, आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, "मोठ्यानं वाच."

तो खाली बसून वाचायला लागला. त्याला वाटलं असेल, म्हातारीचं काहीतरी असेल. "विषय : आमच्या चाळीच्या बोरिंगला निळे पाणी येत असल्याबाबत." तो पुढं वाचत गेला. पाणी कधीपासून येतं, कुठल्या बाजूनं येतं, किती घरं वापरतात, कुणाच्या पायाला काय झालं, आमचं मागणं काय. त्याचा आवाज आपोआप हळू झाला. तो हसला नाही, भाऊजी. माझा अर्ज वरपासून खालपर्यंत कुणीतरी वाचतंय हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तुमच्याच आवाजात ऐकलं, कारण पोराचा आवाज अगदी तुमच्यावर गेलाय. "आपली विश्वासू" म्हणून तो थांबला. मी म्हटलं, "सह्याही वाच."

पहिली माझी, दुसरी ह्यांची. तिसऱ्या सहीवर त्याचं बोट थांबलं.

"काकी, ही तर बाबांची सही."

"हो."

"म्हणजे त्यांना माहीत होतं तुम्ही अर्ज देणार ते?"

मी ट्रंक उघडली. सरबताचं चित्र कुठं आहे ते मला डोळे झाकून सापडतं. पुरानंतर वाळवताना मी ते उलटं केलं होतं, तेव्हापासून सापडतं. तुमची सवय होती, प्रत्येक चित्रामागं पेन्सिलीनं तारीख घालायची. मी चित्र उलटं करून त्याच्यापुढं अर्जाशेजारी ठेवलं. त्यानं सह्यांखालची आणि चित्रामागची, दोन्ही तारखा वाचल्या. एकच रविवार होता. सकाळी माझ्या कागदावर सही केलीत आणि त्याच हातानं सरबत काढलंत.

त्यानं चित्र पुन्हा सुलटं केलं. मग म्हणाला, "काकी, त्यांचं वाईट करायचं मनात नसणार."

"नव्हतंच," मी म्हटलं. "म्हणून तर मला इतकी वर्षं धड भांडताही आलं नाही."

मी त्याला अट सांगितली. पुस्तकात सरबताचं चित्र घ्यायचं, आणि समोरच्या पानावर हा अर्ज, जसाच्या तसा, शिक्क्यासकट, सह्यांसकट. त्यानं गॅलरीत जाऊन प्रकाशकांना फोन लावला. परत येऊन म्हणाला, ते म्हणतात विनोदाचं पुस्तक आहे, मूड जाईल, वाटलं तर मागे परिशिष्टात घेऊ. मी म्हटलं, "समोरासमोर. नाहीतर ट्रंक इथंच राहील, आणि माझ्यानंतर ती भंगारवाला नेईल." तो पुन्हा बाहेर गेला. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ह्या वेळी तो बराच वेळ बोलत होता, आणि एकदा मी त्याला म्हणताना ऐकलं, "नाही सर, ती माझ्या बाबांचीच सही आहे, छापा."

आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "लोक बाबांना काय म्हणतील, काकी?"

मी म्हटलं, "मला जे म्हणाले त्यापेक्षा कमीच म्हणतील."

ट्रंक गेली. जिन्यातून उतरवताना मी एक कडी धरली होती. ह्यांचं एक चित्र मी काढून ठेवलंय, कुठलं ते सांगत नाही.

भाऊजी, मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. भन्तेजींनी सांगितलं तसं पुण्य तुम्हाला दिलं, पाणी ओतून हात जोडले, ते मनापासून जोडले. तुमच्या दारापुढून जाताना मी अजून मोठ्यानं बोलते आणि मग आठवतं की ऐकायला कुणी नाही. तुमच्यासाठी एवढं दुःख माझ्याकडं आहे, ते तुम्हाला दिलं. माफी वेगळी. लोक ते पान उघडतील तेव्हा आधी तुमच्या चित्राला हसतील. हसू देत, चित्र आहेच तसं, मीही हसले असते. मग त्यांची नजर समोरच्या पानावर जाईल आणि ते एका बाईचा अर्ज वाचायला लागतील, शेवटी सह्यांपर्यंत येतील. तिसरी सही बघून ते परत चित्राकडं वळतील, खाली कोपऱ्यात बघतील, आणि दोन्ही ठिकाणी सही एकच आहे हे त्यांना दिसेल. कचेरीतला तो कारकून अजून नोकरीत असेल तर त्यालाही मी एक प्रत पाठवणार आहे.